बाबांची कॅप्सूल थांबवून 'रिसेप्टरवाल्या' उपचाराची वाट बघू का?

पत्र:

काकू नमस्कार, आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारचे. बाबा ७१ वर्षांचे, डायबेटीस जुना, दारूला आयुष्यात शिवले नाहीत तरी फॅटी लिव्हरचं सिरॉसिस झालं आणि आता लिव्हरमध्ये ७ सेंटीमीटरची गाठ निघालीय. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे लिव्हरचाच कॅन्सर म्हणालेत. पोर्टल व्हेन म्हणजे लिव्हरला रक्त नेणारी जी मोठी नस, तिच्या उजव्या फांदीतही शिरलाय, म्हणून ऑपरेशन नाही. गेल्या महिन्यात एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसांना बँडिंग केलं, त्याआधी एकदा रक्ताची उलटी झाली होती. ऑन्कॉलॉजिस्टनी लेनव्हॅटिनिब ८ मिलिग्रॅम लिहून दिलंय, वजन ५८ आहे. कॅप्सूल आणून तीन आठवडे झाले पण सुरू केल्या नाहीत, कारण दादा टोरांटोहून फॉरवर्ड पाठवून सांगतो की हे जुनं झालं, आता थेट लिव्हरच्या पेशीच्या रिसेप्टरवर जाणारं नॅनो औषध आलंय, साइड इफेक्ट शून्य. बाहेरगावच्या एका सेंटरनं आधी 'रिसेप्टर प्रोफाइल' आणि मग ते औषध असं साडेचार लाखांचं पॅकेज सांगितलंय. मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाला तेव्हा हर-टू टेस्ट करूनच औषध ठरलं होतं, मग बाबांची रिसेप्टर टेस्ट कुणी का केली नाही? इम्युनोथेरपी पण का नाही दिली? आई म्हणते वाघोडिया रोडचा प्लॉट काढून टाकू. काय करू?

उत्तर:

अगं, आधी कामाचं सांगते, बाकीचं मग. कॅप्सूल कपाटात ठेवून वाट बघू नकोस. उद्या सकाळी ओपीडीत फोन कर, तीन आठवडे सुरूच केलं नाही हे सरळ सांग, लपवू नकोस, रागावले तर रागावू देत. बाबांचं वजन, बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि लिव्हरच्या टेस्ट एकदा परत बघतील आणि मग ते सांगतील तसं सुरू कर. आणि प्लॉटला हात लावू नका, निदान या पॅकेजसाठी तरी नाहीच.

आता गंमत अशी की दादाला जे हवंय ते तुमच्या कपाटातच पडलंय. लेनव्हॅटिनिब हे रिसेप्टरवरच काम करणारं औषध आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरचं प्रोटीन, दारावरच्या बेलसारखं समज, बाहेरून कुणी दाबली की आत हालचाल सुरू. लिव्हरच्या गाठीला वाढायला रक्त लागतं, ते आणायला ती व्हीईजीएफ नावाचं एक प्रोटीन सोडते, ते जवळच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींवरची बेल दाबतं आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला लागतात. लेनव्हॅटिनिब बेलच्या आतली वायर तोडतं, म्हणजे बेल दाबली जाते पण आत वाजत नाही. आणि ते एकाच बेलवर थांबत नाही, व्हीईजीएफचे तीन रिसेप्टर, एफजीएफचे चार, शिवाय पीडीजीएफ, रेट, किट असे बरेच.

हे असंच पहिलं औषध सोराफेनिब, लिव्हर कॅन्सरसाठी अमेरिकेत २००७ च्या शेवटी मंजूर झालं. त्याच्या मोठ्या ट्रायलमध्ये औषध घेणाऱ्यांचं मीडियन आयुष्य १०.७ महिने आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांचं ७.९. ऐकायला कमी वाटतं, मला पण वाटतं, पण त्याआधी या स्टेजला आयुष्य वाढवतं असं सिद्ध झालेलं एकही औषध नव्हतं. मग लेनव्हॅटिनिब सोराफेनिबच्या समोर उभं केलं, २०१८ मध्ये रिझल्ट छापून आला, ९५४ पेशंट, १३.६ महिने विरुद्ध १२.३. बरोबरीचं ठरलं, पण गाठ आक्रसण्याचं प्रमाण यात बरंच जास्त, शंभरात साधारण २४ पेशंटना, सोराफेनिबमध्ये ९. मीडियन म्हणजे अर्धे त्याच्या पुढे जातात हे पण लक्षात ठेव, ती बाबांच्या नावावर लिहिलेली तारीख नाही.

आणि दादा 'जुनं' म्हणतो म्हणून एक सांगते. मी कॅन्सरच्या औषधांच्या काउंटरवर बसायचे तेव्हा सोराफेनिबचा महिन्याचा डबा, १२० गोळ्या, २ लाख ८० हजारांच्या वर होता, लोक किंमत ऐकून तसेच मागे फिरायचे. मार्च २०१२ मध्ये भारत सरकारच्या पेटंट कंट्रोलरनं सोराफेनिबवरच्या बायर कंपनीच्या पेटंटवर सक्तीचं लायसन्स, म्हणजे बायरची परवानगी नसतानाही ते औषध बनवायची मुभा, हैदराबादच्या नॅटकोला दिलं, देशातलं पहिलंच, आणि तोच महिन्याचा डोस ८,८८० ला ठरला. आज बाबांची कॅप्सूल तुम्हाला परवडेल अशा भावात मिळतेय तर त्याला 'स्वस्त म्हणजे हलकं' असं समजू नका. हा गैरसमज आपल्याकडे फार आहे, महाग तेच खरं.

आता दादाचा तो फॉरवर्ड. तो पूर्ण खोटा नाहीये, आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. लिव्हरच्या पेशीवर एसियालोग्लायकोप्रोटीन रिसेप्टर नावाचा एक रिसेप्टर खरंच असतो, प्रत्येक पेशीवर लाखोंनी, आणि लिव्हर सोडून इतर ठिकाणी जवळजवळ नसतोच. गॅलॅक्टोज किंवा त्याच्या जवळची साखर लावलेलं काही रक्तात आलं की हा रिसेप्टर ते धरून पेशीत ओढून घेतो. गिल्बर्ट अ‍ॅशवेल आणि अनातोल मोरेल या दोघांच्या कामातून हे कळलं त्याला आता अर्धशतक होऊन गेलं. आणि याचा उपयोगही होतो, कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन याच वाटेनं लिव्हरमध्ये जातं, सुरुवातीचे दोन डोस झाले की वर्षातून फक्त दोनदा घ्यायचं. म्हणजे कल्पना एकदम पक्की.

पण कॅन्सरमध्ये नेमकी इथेच अडचण येते. हा रिसेप्टर निरोगी लिव्हरच्या पेशींवर भरपूर असतो, आणि गाठीतल्या पेशी जितक्या बिघडत जातात तितका त्यांच्यावरचा कमी होत जातो. म्हणजे विषारी औषधाला साखर लावून पाठवलं तर ते कुणाकडे आधी जाईल? बाबांच्या उरलेल्या चांगल्या लिव्हरकडे, जे सिरॉसिसमुळे आधीच कसंबसं चाललंय. हे नुसतं माझं म्हणणं नाही, ब्रिटनमध्ये डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाला गॅलॅक्टोजच्या जवळची साखर जोडून पेशंटना देऊन बघितलं होतं, २००२ मध्ये रिझल्ट छापून आला, औषध लिव्हरला पोचलं खरं पण गाठीपेक्षा बऱ्या लिव्हरमध्ये जास्त साठलं. त्यानंतर कितीतरी लॅबमध्ये नॅनोपार्टिकल बनले, उंदरांवर छान चालले, पण या वाटेनं जाणारं लिव्हर कॅन्सरचं मंजूर औषध अजून आपल्या हातात आलेलं नाही. संशोधन चालू राहू दे, वांधा नाही. पण ते साडेचार लाखात कुणी विकत असेल तर तो संशोधन करत नाही. खऱ्या ट्रायलमध्ये प्रायोगिक औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, एथिक्स कमिटीची मंजुरी असते, आणि आपल्या देशात ट्रायल सरकारच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीवर नोंदवलेली असते. सेंटरला फोन करून फक्त नोंदणी नंबर माग. बघ फोनवर किती वेळ शांतता होते ते.

'साइड इफेक्ट शून्य' हे वाक्य जिथे दिसेल तिथून तर उठूनच जा. रिसेप्टरवरच्या औषधांचे साइड इफेक्ट येतात कारण तोच रिसेप्टर अंगात इतर ठिकाणीही कामाला असतो. व्हीईजीएफ नेहमीच्या रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतं, ते अडवलं की बीपी चढतं. किडनीच्या गाळणीला पण ते लागतं, म्हणून लघवीतून प्रोटीन जायला लागतं. थायरॉइड मंदावतो. हातापायाचे तळवे लाल होऊन दुखतात, जुलाब, थकवा, भूक मरते, आवाज बसतो. म्हणजे बीपी वाढलं याचा अर्थ औषध चुकीचं असा नाही, औषध जिथे पोचायचं तिथे पोचतंय एवढाच, पण ते सांभाळावं लागतं नाहीतर महागात पडेल.

मावशीचं म्हणशील तर ब्रेस्टमध्ये हर-टू रिसेप्टर गाठीवर जास्त आहे की नाही यावर ट्रास्टुझुमॅब द्यायचं की नाही ते ठरतं, ती टेस्ट औषध ठरवते. लिव्हरच्या या कॅन्सरमध्ये तसं नाहीये. लेनव्हॅटिनिब, सोराफेनिब किंवा इम्युनोथेरपी निवडायला रिसेप्टरची कुठलीही टेस्ट लागत नाही, डॉक्टर विसरलेले नाहीत. बऱ्याच वेळा तर सिरॉसिसच्या पेशंटला सुईनं तुकडासुद्धा काढत नाहीत, कारण ट्रिपल फेज सीटीमध्येच कळतं, गाठीचं रक्त बहुतेक हिपॅटिक आर्टरी म्हणजे लिव्हरच्या धमनीतून येतं आणि बाकी लिव्हरचं जास्त करून पोर्टल व्हेनमधून, म्हणून डाय सोडल्यावर गाठ आधी उजळते आणि नंतर आजूबाजूपेक्षा काळी पडते. एक छोटा अपवाद आहे, रॅम्युसिरुमॅब म्हणून इंजेक्शन आहे, व्हीईजीएफच्या दुसऱ्या नंबरच्या रिसेप्टरवरच बसणारी अँटीबॉडी, ते सोराफेनिब झाल्यानंतर एएफपी ४०० किंवा त्याच्या वर असेल तरच देतात, आणि एएफपी ही साधी रक्ताची टेस्ट आहे जी बाबांची झालेलीच असणार.

आणि लिव्हरमध्ये रिसेप्टर मोजून औषध देण्याचा प्रयत्न झालाच नाही असंही नाही. मेट नावाचा रिसेप्टर आहे, टिवँटिनिब म्हणून औषध होतं, मुद्दाम मेट जास्त असलेलेच पेशंट निवडले, एवढी काळजी घेऊन मोठी ट्रायल केली आणि आयुष्य वाढलं नाही. एर्लोटिनिब हे ईजीएफआर रिसेप्टरवरचं औषध सोराफेनिबला जोडून पाहिलं, ते पण फुकट गेलं. गाठीवर रिसेप्टर दिसणं आणि तो अडवल्यावर माणूस जास्त जगणं, यात फार मोठं अंतर आहे, आणि 'प्रोफाइल' विकणारे बरोबर तेवढंच अंतर खाऊन टाकतात. त्या प्रोफाइलचा रिपोर्ट येईल, चाळीस पानांचा, रंगीत, आणि बाबांचा ऑन्कॉलॉजिस्ट तो वाचून परत लेनव्हॅटिनिबच लिहील.

इम्युनोथेरपी का नाही, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो विचारायलाच हवा. आज या स्टेजला पहिली पसंती बहुतेक ठिकाणी अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीला असते, दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून. ट्रायलमध्ये १९.२ महिने आले, सोराफेनिबला १३.४. बेव्हासिझुमॅब रिसेप्टरला हातच लावत नाही, बेल दाबणाऱ्या व्हीईजीएफलाच बाहेर पकडतं, आणि अ‍ॅटेझोलिझुमॅब आपल्या टी पेशींना झोपवणारी खूण झाकतं. पण बेव्हासिझुमॅबनं रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून आधी एंडोस्कोपी करून नसा बघतात, आणि बाबांना तर रक्ताची उलटी होऊन बँडिंग झाल्याला महिनाच झालाय. मला वाटतं डॉक्टरांनी इथेच हात आखडता घेतला, आणि बरोबर घेतला. ड्युर्व्हालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅब अशी दुसरी जोडी आहे, त्यात बेव्हासिझुमॅब नसल्यामुळे रक्तस्रावाची ती भीती कमी, ट्रायलमध्ये १६.४ विरुद्ध १३.८ महिने आले होते, पण खर्च डोळे पांढरे करणारा. "आमच्या बाबांना ही जोडी चालली असती का, आणि नसेल तर पैशामुळे की तब्येतीमुळे?" एवढं स्पष्ट विचार. डॉक्टर बऱ्याचदा घरची परिस्थिती बघून मनातल्या मनातच ठरवून टाकतात आणि सांगत नाहीत, आणि मग लेकीला वाटतं काहीतरी लपवलं. व्हेनच्या फांदीतल्या भागावर रेडिएशनचा काही फायदा होईल का हे पण त्याच दमात विचारून घे.

दादाच्या फॉरवर्डमध्ये एक शब्द कुठेच नसेल बघ, चाइल्ड-प्यू, म्हणजे लिव्हर किती शाबूत आहे ते मोजायची पद्धत. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर म्हणजे रक्त गोठण्याची टेस्ट, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींचे मार्क, ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ बी, त्यापुढे सी. वर जेवढे महिने लिहिले ते सगळे जवळजवळ चाइल्ड-प्यू ए वाल्या पेशंटचे आहेत. बाबांचं फाइलमध्ये बघ, ए असेल तर ही कॅप्सूल घ्यायची हीच वेळ आहे, कारण वाट बघताना गाठ तर वाढतेच पण लिव्हर ए मधून बी मध्ये सरकलं की यातली निम्मी औषधं हातातून जातात. या आजारात गाठीवर काय लिहिलंय यापेक्षा उरलेलं लिव्हर किती तग धरून आहे यावर जास्त ठरतं. तीन आठवडे गेले ते गेले, आता बोलून उपयोग नाही.

म्हणून घरात काय करायचं ते सांगते. ५८ किलो म्हणजे ६० च्या आत, म्हणून ८ मिलिग्रॅम, ४ च्या दोन कॅप्सूल एकदम, रोज एकाच वेळेला, जेवणाआधी की नंतर याला महत्त्व नाही. ६० किंवा वर असतं तर १२ दिलं असतं, त्यामुळे शेजारच्या कुणाचा डोस जास्त आहे म्हणून घाबरू नका. एखाद्या दिवशी विसरले आणि पुढच्या डोसला १२ तासांपेक्षा कमी उरले असतील तर तो सोडून द्यायचा, डबल नाही घ्यायचा. बीपीचं मशीन घ्या, दंडावर बांधायचं, मनगटावालं नको. सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं बसवून मोजायचं आणि कॅलेंडरवर त्याच तारखेच्या चौकोनात लिहायचं, ओपीडीत ते पान फाडून न्यायचं, डॉक्टर लोकांना फोनमधल्या स्क्रीनशॉटपेक्षा ते आवडतं. १६०/१०० च्या वर गेलं तर त्याच दिवशी फोन. काळी डांबरासारखी संडास किंवा उलटीत रक्त, तर फोन पण नको, सरळ कॅज्युअल्टी. आणि बाबा दिवसा झोपायला लागले, रात्री जागे, बोलणं विसंगत, सही वाकडी यायला लागली तर ते म्हातारपण समजू नका, लिव्हरमुळे अमोनिया चढतो त्याचं लक्षण असतं. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, डॉक्टरनं दिलेलं लॅक्टुलोज चालू ठेवायचं, जुलाब सुरू झाले तर मात्र विचारून कमी करायचं.

तळव्यांना आधीपासूनच क्रीम लावा, युरियावालं मिळतं. घट्ट चपला बंद.

खाण्याचं म्हणजे, लिव्हरचा पेशंट म्हणून बाबांना वरणाचं पाणी आणि मऊ भातावर ठेवू नका, आई लोकांचं हे ठरलेलं असतं. सिरॉसिसमध्ये अंगावरचं मांस झडतं, प्रोटीन लागतं, दही, पनीर, डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, आणि रात्री झोपताना काहीतरी हलकं खाऊन झोपायचं, लांब उपास अजिबात नको, चतुर्थी वगैरे या वर्षी आईनं एकटीनं करावी. पोटात पाणी असेल तर मीठ कमी, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण आणि रविवारची सेव-उसळ बंद, याला बाबा सगळ्यात जास्त चिडतील बघ. दुखलं तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घरच्या डब्यातून द्यायचं नाही. आणि कुणी प्रेमानं गुळवेलीचा काढा आणून दिला तर हात जोडून नको म्हणा, त्यानं लिव्हर बिघडलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये रीतसर छापलेत.

पैशाचं. बाबा ७१ चे ना, मग ७० च्या वरच्यांसाठी आयुष्मानचं वेगळं वय वंदना कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार लागतं. घरी घ्यायच्या कॅप्सूल त्यात बसतात का, आणि पुढे सलाइनचं औषध द्यायची वेळ आली तर बसतं का, हे हॉस्पिटलच्या आयुष्मान काउंटरवर नाव सांगून विचार. कॅप्सूल बाहेरूनच घ्यावी लागली तर तीन ठिकाणी भाव विचारून घे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंमतीत फरक असतो, आणि डॉक्टरला विचारून त्यातली घेतली तर वांधा नाही.

दुसरं मत घ्यायचंच असेल, आणि घ्यावं, दादाचं पण समाधान होईल, तर अहमदाबादला जीसीआरआयला, म्हणजे गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटला जा, किंवा टाटा मेमोरियलचं ऑनलाइन मत 'नव्या' नावाच्या सेवेतून मिळतं तिथे कागद पाठव. पण कॅप्सूल सुरू करून मग, थांबवून नाही. नुसता टाइप केलेला रिपोर्ट नेऊ नको, सीटीची सीडी ने, त्यांना चित्रं स्वतः बघायची असतात. एंडोस्कोपीचा कागद, एएफपी, हिपॅटायटिस बी आणि सीच्या टेस्ट, शेवटचे तीन महिन्यांचे लिव्हर रिपोर्ट तारखेनं लावून. आणि दादाला सांग, तिकडून फॉरवर्ड पाठवण्यापेक्षा त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर डॉक्टरसमोर बस आणि तुझे प्रश्न तूच विचार.